पुढील स्टेशन मानसरोवर

हार्बर मार्गावर बेलापूर मागे टाकून गाडी पनवेलच्या दिशेने निघाली की आधी खारघर येतं, मग मानसरोवर आणि त्यानंतर आमचं खांदेश्वर. तिबेटातल्या मानसरोवराला जायचं तर पारपत्र लागतं, डॉक्टरांचा दाखला लागतो, साडेचार हजार मीटरांहून अधिक उंचीवरच्या विरळ हवेत तग धरणारी छाती लागते. आमच्या मानसरोवराला पाच रुपयांचं तिकीट पुरतं. छातीची गरज पडलीच तर ती संध्याकाळच्या पनवेल लोकलमधून उतरताना पडते. तिथे राजहंस नाहीत. पावसाळ्यात रुळांकडेच्या पाणथळीत बगळे उभे असतात, तेही कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे, बहुधा राजहंसांचीच. इथे राहणाऱ्या माणसाला या सगळ्याची हळूहळू सवय होते. मानसरोवराच्या काठी कामोठे वसलेलं आहे, हा भूगोल तो बिनतक्रार मान्य करतो आणि पिशवी सावरत पुढच्या स्टेशनावर उतरतो.

म्हणून माझी नात एका दुपारी शाळेतून आली आणि दप्तर सोफ्यावर टाकत म्हणाली, "आजी, आज आम्ही मानसरोवरला जाऊन आलो," तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. "कामोठ्यात काय होतं गं?" मी विचारलं. तिने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "अगं आजी, खऱ्या मानसरोवरला!" मग उलगडा झाला. शाळेने डोळ्यांवर चढवायचे आभासी वास्तवाचे चष्मे आणले होते आणि मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला अख्खा वर्ग बाकावर बसल्या बसल्या कैलास पाहून परतला होता. ज्या मानसरोवराला ती चालतसुद्धा जाऊ शकली असती ते खोटं आणि जिथे तिने पाऊलही ठेवलं नाही ते खरं! मायेचा हा सिद्धान्त समजावताना आचार्यांना भाष्यंच्या भाष्यं लिहावी लागली. पाचवीतल्या मुलीने तो बुटांच्या नाड्या सोडता सोडता सांगून टाकला.

पुढे पालकांच्या भेटीच्या दिवशी ते चष्मे मलाही पाहायला मिळाले. मी सगळं आयुष्य शाळेतच काढलं असल्यामुळे वर्गात शिरल्यावर माझी नजर आधी फळ्याकडे जाते. तिथे फळ्याकडे पाहणारं कुणीच नव्हतं. मुलं डोळे झाकून बसली होती आणि माना मात्र चौफेर फिरत होत्या. सूर्य नेमका कुठे आहे याबद्दल मतभेद झालेल्या सूर्यफुलांसारख्या. कुणी छताकडे पाहून "बापरे" म्हणत होतं, कुणी बाकाखाली हात घालून पाणी चाचपत होतं. एका मुलाने शेजाऱ्याच्या कानाला धरलं, कारण त्याच्या हिशोबाने तिथे कडा होता. बाई मध्ये उभ्या राहून हळू आवाजात माहिती सांगत होत्या. एरवी ज्या वर्गाला दहा वेळा "शांत बसा" सांगावं लागतं तो इतका गप्प पाहून त्यांच्याही चेहऱ्यावर थोडी भीतीच होती.

या चष्म्यातली युक्ती मात्र नवी नाही. दोन डोळ्यांना एकाच दृश्याची किंचित वेगळी दोन चित्रं दाखवली की मन त्यांची सांगड घालून खोली निर्माण करतं, हे चार्ल्स व्हीटस्टोनने १८३८ मध्येच आरशांच्या एका उपकरणाने सिद्ध केलं होतं. पुढे १९३९ मध्ये व्ह्यू-मास्टर आला. आमच्या लहानपणी दादरच्या एका नातलगांकडे तो होता आणि पाहुण्यांच्या मुलांनी चहा सांडला नाही तरच तो कपाटातून बाहेर निघे. गोल चकतीवर चौदा इवलीशी चित्रं, म्हणजे दृश्यं सात. खटका दाबला की एक जग जाई आणि दुसरं येई. त्यात मी नायगारा पाहिला. पाणी पडता पडता हवेत थबकलेलं होतं, आणि कितीतरी वर्षं नायगारा हा न वाहणारा धबधबा आहे अशीच माझी समजूत होती. आज माझ्या नातीचा नायगारा वाहतो, गर्जतो, मान वळवली की काठही दाखवतो. जिज्ञासेपुढचे अडसर इतके कमी झाले आहेत की जिज्ञासेलाच थोडं ओशाळल्यासारखं वाटत असेल.

गूगलने २०१४ मध्ये घडीच्या पुठ्ठ्याचा चष्मा काढला आणि २०१५ मध्ये शाळांसाठी 'एक्सपिडिशन्स' नावाची सोय आणली. मुलांच्या डोळ्यांवर पुठ्ठा, बाईंच्या हातात टॅबलेट. मला त्यातली सगळ्यात लोभस गोष्ट वाटली ती बाईंच्या पडद्यावरची. कोणतं मूल या क्षणी कुठे पाहत आहे, हे तिथे लहान लहान हसऱ्या चेहऱ्यांच्या रूपात दिसे. बाई म्हणाव्यात, "प्रवाळ पाहा," आणि सगळे हसरे चेहरे हळूहळू प्रवाळाकडे सरकावेत. दोन-तीन मात्र भलतीकडेच, एखाद्या निनावी माशाच्या मागे. शिक्षिकेच्या जन्मातलं सगळ्यात मोठं कोडं, म्हणजे हे मूल आत्ता आहे कुठे, ते कुणीतरी इतक्या मायेने सोडवलं होतं. २०२१ च्या मध्यावर ती सोय बंद झाली. प्रवाळ, ज्वालामुखी आणि चंद्र यांच्या सहली कंपनीच्या एका सूचनेने थांबल्या. आमच्या सहली पावसाने रद्द होत, परीक्षेने होत, गाडी न मिळाल्याने होत. पण सहलीचं ठिकाणच सेवेतून निवृत्त झालं, असं कारण वर्गाला सांगावं लागलं नव्हतं.

ते हसरे चेहरे मला इतके का भावले, हे ज्यांनी कधी शाळेची सहल नेली आहे त्यांना सांगायला नको. सहल म्हणजे मुलं मोजणं. गाडी सुटताना मोजायची, चहाला थांबली की मोजायची, देवळात शिरताना आणि देवळातून बाहेर पडताना मोजायची. देव पाहायला मिळतो तो या दोन मोजण्यांच्या मधल्या फटीत. मी अजिंठ्याला गेले आहे आणि पहिल्या लेण्यातला पद्मपाणी माझ्या आठवणीत आहे तो असा: खाली झुकलेली ती करुण नजर, हातातलं कमळ आणि एक मूल कमी. कधी मूल कमी भरे, तर कधी जास्त. एकदा परतीच्या वाटेवर मोजणी एकाने वाढली आणि शोध घेतला तेव्हा मागच्या बाकावर भलत्याच शाळेचा एक मुलगा आमच्या मुलींनी दिलेल्या पुऱ्या शांतपणे खात बसलेला सापडला. "तुमच्या गाडीत गाणी चांगली चालली होती," एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्याची गाडी वाहनतळावर त्याला शोधत थांबली होती. आभासी सहलीत मुलं हरवत नाहीत. पण दुसऱ्याची गाणी ऐकून कुणी चुकीच्या गाडीत बसतही नाही, आणि माझ्या मते हे नुकसान हिशोबात धरायला हवं.

सहलीची खरी सुरुवात संमतिपत्राने होई. "माझ्या जबाबदारीवर पाठवीत आहे" या ओळीखाली वडिलांची सही, आणि काहींच्या कागदावर वडिलांच्या सहीसारखी दिसणारी सही. एसटी महामंडळ शालेय सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देतं, त्यामुळे सहल लाल गाडीचीच. पहाटे अंधारात शाळेच्या फाटकाशी जमलेली, स्वेटर घातलेली, एकाएकी अनोळखी दिसणारी मुलं. डब्यांत पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, लसणाची चटणी, दशम्या. गाण्याच्या भेंड्या, ज्यात 'ण' आला की भांडण ठरलेलं. घाट सुरू झाला की भेंड्या मंदावत आणि खिडक्या उघडत. मुलांना गाडी लागे. पिशव्या, आलेपाक, लिंबू, आवळासुपारी अशी आमची सगळी सामग्री तयार असे.

गंमत म्हणजे या सगळ्या सरंजामातून नव्या चष्म्याने नेमकी एकच गोष्ट जशीच्या तशी राखली आहे, ती म्हणजे मळमळ. घाटात डोळे समोरच्या बाकाकडे पाहून सांगतात की आपण स्थिर आहोत आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण वळतो आहोत. दोघांचं पटत नाही आणि भांडण पोटावर येतं. चष्म्यात बरोबर उलट. डोळे म्हणतात आपण उडतो आहोत, कान म्हणतात आपण इयत्ता पाचवी 'ब' मध्ये बसलो आहोत. निकाल तोच. नातीच्या वर्गातला एक मुलगा अवकाशातून परतला तो थेट मोरीकडे. बाईंनी त्याला आलेपाकाची वडी दिली. मी ते ऐकलं आणि मला माझ्या जुन्या व्यवसायाविषयी एकदम भरून आलं. यंत्रं बदलली तरी बाईंच्या पर्समधली वडी कायम आहे.

पण सहलीच्या आठवणींत एक जागा अशी आहे जिथे माझं हसू थोडं अडखळतं. प्रत्येक वर्गात दोन-चार मुलं सहलीला येत नसत. कुणाकडे पैसे नसत आणि ते सांगायचं नसे, म्हणून "आमच्याकडे त्या दिवशी लग्न आहे". कुणाला दमा असे, कुणाच्या पायात बळ नसे, कुणाच्या घरी धाकट्या भावाला सांभाळायला दुसरं कुणी नसे. सहलीच्या दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला निबंधाचा विषय ठरलेला: 'आमची सहल'. न गेलेली मुलंही तो लिहीत. आणि मी सांगते, त्यांचे निबंध पुष्कळदा अधिक चांगले असत. गेलेल्यांच्या निबंधात डबा असे, गाडीचं चाक असे, गणूचा हरवलेला बूट असे. न गेलेल्यांच्या निबंधात गड असे. पूर्ण, चंद्रप्रकाशातला, कुणाच्याही पायाखाली न आलेला. ही मुलं आभासी सहलीची खरी पहिली प्रवासी. त्यांच्याकडे चष्मा नव्हता, एवढंच. आज नातीच्या वर्गात चाकांच्या खुर्चीत बसणारी एक मुलगी आहे आणि कैलासावर ती सगळ्यांच्या बरोबरीने पोचली. हे एक दृश्य पाहिलं आणि चष्म्यांविरुद्ध मनात जुळवून ठेवलेली माझी कितीतरी वाक्यं मी मुकाट्याने मागे घेतली.

मागे न घेतलेलं एक वाक्य मात्र शिल्लक आहे. रायगडावर नगारखान्याच्या दाराशी उभं राहून बोललेलं दूरवरच्या सिंहासनापाशी ऐकू येतं. वाटाडे तिथे एकाला कागद फाडायला लावतात आणि पलीकडची मुलं तो टरकावल्याचा आवाज ऐकून चकित होतात. १६७४ च्या राज्याभिषेकाची सनावळी चौथीतल्या मुलाला पाठ असते, पण राज्य म्हणजे काय हे त्याला त्या टर्र आवाजात कळतं: इतक्या लांबचं, इतकं हळू बोललेलंही राजाच्या कानावर जाई. चष्म्यात हा आवाज भरता येईल, नक्कीच येईल. पण कागद फाडणारा मित्र आणि ऐकणारा मुलगा यांच्यामध्ये पसरलेलं ते ऊन, तो वारा आणि "ऐकू आलं का रे?" हा हवेत विरणारा प्रश्न, यांतून जो विश्वास बसतो तो भरता येईल का, कोण जाणे. भगवंतांनी अर्जुनाला दिव्यदृष्टी देऊन विश्वरूप दाखवलं, तेव्हा त्यानेही थोड्या वेळाने हात जोडून नेहमीचंच रूप परत दाखवण्याची विनंती केली होती. थोरामोठ्यांनाही पूर्ण दृश्य सोसत नाही. मुलांना तर चिमूटभर दृश्य आणि ओंजळभर प्रश्न पुरतात.

चष्म्याचं एक धाकटं भावंड आहे, त्याच्याशी माझं अधिक जमलं. ते आपल्याला दूर नेत नाही, दूरचं आपल्या घरात आणून उभं करतं. २०२० च्या टाळेबंदीत घराघरांतल्या मुलांनी फोनमध्ये 'वाघ' शोधून तो दिवाणखान्यात उभा केला होता, ते आठवत असेल. आमच्याकडेही आला. नात फोन धरून उभी आणि वाघ जमिनीत कमरेपर्यंत रुतलेला, मध्येच तरंगत पंख्याशी जाई, मध्येच नाहीसा होई. तिच्या वडिलांनी आधीच्याच वर्षी जुन्या फरश्या काढून पांढऱ्याशुभ्र, चकचकीत टाइल्स बसवल्या होत्या. फोनला म्हणे जमीन ओळखावी लागते. कॅमेरा हलताना खालचे डाग, रेघा, नक्षी कशी सरकते हे पाहून तो अंदाज बांधतो की सपाट जागा कुठे आहे. आमच्या टाइल्सवर ना डाग, ना रेघ. वर दिव्यांचं प्रतिबिंब. बिचाऱ्याला पाय टेकायला ठिकाण सापडेना. मी आतून माझ्या सासूबाईंची गोधडी आणून अंथरली. जुन्या लुगड्यांचे तुकडे, परकरांचे काठ, कुणाच्या तरी बारशाच्या कुंचीची चौकट, वरून हजार टाके. फोनला इतक्या खुणा एका जागी क्वचितच मिळाल्या असतील. वाघ खाली उतरला आणि चारही पाय रोवून, सावलीसकट, गोधडीवर उभा राहिला. सासूबाई असत्या तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, "काही खाल्लं का त्याने?" यंत्रालासुद्धा जगात पाय टेकायचे तर कुठेतरी वापरलेपणाची, ठिगळांची जागा लागते, हे मला त्या दुपारी फार आवडलं.

दूरचं जवळ आणण्याच्या या खटाटोपात महाराष्ट्राच्या शाळा कधीच मागे नव्हत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि गुरं राखणाऱ्यांसाठी ती कुरणात नेली. कुरणशाळेतल्या मुलाला क्षेत्रभेटीला वेगळं जावं लागत नव्हतं. गायीच्या मागे चालता चालता ती होतच असे. आणि आपल्या काळात सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापून धड्यातून थेट ध्वनी-चित्रांकडे जाण्याची वाट त्यांनी दाखवली आणि पुढे ती राज्याच्या पुस्तकांत आली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांच्या आभासी सहलींची दिशा. त्यांनी घरातल्या छोट्या प्रयोगशाळेतून प्रयोग दाखवत ८० हून अधिक देशांतल्या वर्गांना आपल्याकडे बोलावलं. परितेवाडीची मुलं जग पाहायला गेलीच, पण जगही त्यांच्या वाटेला आलं. सहलीचं ठिकाण होण्याचा मान फक्त पिरॅमिडांना आणि धबधब्यांना आहे, हा आपला समज त्यांनी किती सहज मोडला!

तेव्हापासून मी विचार करते आहे की खांदेश्वर पाहायला कुणी आलं तर काय दाखवावं. बालभारतीच्या तिसरीच्या 'परिसर अभ्यासा'ची पुस्तकं जिल्ह्याजिल्ह्याला वेगळी आहेत. घर, मग गाव, मग तालुका, मग जिल्हा अशी मुलाने एकेक पायरी चढावी, ही त्यामागची जुनी, शहाणी समजूत. चष्मा पहिल्याच उडीला हिमालयात पोचवतो आणि मधल्या पायऱ्या तशाच राहतात. नातीला कैलासाचा उत्तरेकडचा कडा ठाऊक आहे. पूर्वेला दिसतो तो प्रबळगड, हे तिला माहीत नव्हतं. गाडीने थोड्याच वेळात जाता येईल अशा कर्नाळ्याच्या अभयारण्यातला अंगठ्यासारखा सुळका तिने पाहिला नव्हता. शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म झाला आणि एडनच्या तुरुंगवासात त्यांनी देह ठेवला. एडन तिने नकाशावर क्षणात शोधलं, शिरढोण शोधायला मात्र वेळ लागला.

म्हणून एका रविवारी आम्ही दोघींनी उलटी सहल काढली. गूगल अर्थमध्ये काळ मागे नेण्याची सोय आहे. उपग्रहांनी टिपलेली चित्रं १९८४ पासून ओळीने दिसतात. आम्ही खांदेश्वरवर थांबलो आणि वर्षं मागे ओढली. आमची इमारत गेली, सेक्टर गेले, रुळांची रेघ पुसली गेली. खाली भातशेतांचे हिरवे-तपकिरी ठिपके उरले आणि खाडीची करडी बोटं जमिनीत शिरलेली दिसली. त्या जुन्या चित्रांत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद, अंदाजे नऊ गुंठे. एखाद्या घराचं वर्षभराचं पोट, बांधावरचं आंब्याचं झाड आणि भावकीतला जुना वाद, हे सगळं मिळून एक ठिपका. "आपण कुठे आहोत मग?" नातीने विचारलं. आम्ही अजून आलो नव्हतो. ज्यांचे ते ठिपके होते ती माणसं तेव्हा रस्त्यावर होती. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या भूसंपादनविरोधी आंदोलनात जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. चित्रमालिका नेमकी त्याच वर्षी सुरू होते. आकाशातून मात्र त्या जानेवारीचं काहीच दिसत नाही. फक्त हिरवं आणि तपकिरी दिसतं.

मग आम्ही वर्षं पुढे सोडली. नैर्ऋत्येला उलव्याची टेकडी होती, नव्वद मीटरच्या आसपास उंचीची. ती आधी एका कुशीने पांढरी पडली, मग दोन्ही कुशींनी, आणि काही वर्षांत कागदावरची पेन्सिल खोडून काढावी तशी सपाट झाली. उलवे नदीने आपली वळणं सोडून नवा, आखून दिलेला मार्ग धरला. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, गणेशपुरी अशी दहा गावं-वाड्या उठून दुसरीकडे गेल्या. शेवटी एक सरळ, निर्विकार रेघ उमटली: धावपट्टी. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्या वर्षीच्या नाताळच्या दिवशी प्रवासी विमानं उडू लागली. आता ती आमच्या गच्चीवरून दिसतात. त्यांतून माणसं दूरदूरचे डोंगर पाहायला जातात, आणि ती उडतात ती जिथे एक डोंगर होता त्या जागेवरून. मी यात कुणाला बोल लावत नाही. मीही त्या भातशेतांपैकी कुठल्या तरी नऊ गुंठ्यांच्या वर, तिसऱ्या मजल्यावर राहते. पण नात बराच वेळ बोट पुढे-मागे सरकवत टेकडी उभी करत होती आणि पाडत होती. "आजी, हिच्यावर कुणी चढलं होतं का?" तिने विचारलं. चढले असतीलच. गुरं घेऊन, लाकडं आणायला, किंवा उगीचच, वरून खाडी पाहायला. त्यांच्यापैकी कुणीतरी अजून इथेच, पुनर्वसनाच्या एखाद्या वसाहतीत, आपल्या नातवंडांत बसलेलं असेल. टेकडी आता दोनच जागी उरली आहे: उपग्रहाच्या चित्रात आणि त्या म्हाताऱ्या गुडघ्यांत.

एवढं पाहिल्यावर त्या चष्म्यांविषयी माझं मत ठरलं, आणि ते त्यांच्या बाजूचंच आहे. मुलांना त्यांतून प्रवाळ दाखवा, चंद्र दाखवा, कैलासही दाखवा. जी मुलं एरवी फाटकाशीच राहिली असती त्यांना तर आधी दाखवा. पण जी गोष्ट जोवर डोळ्यांनी पाहता येते, पायांनी तुडवता येते, ती तोवर चष्म्यातून दाखवू नका. खांदेश्वराचं देऊळ आणि शेजारचा तलाव शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे जाताना रांग मोडेल, कुणाची चप्पल तुटेल, मोजणीत एक मूल कमी भरेल. भरू द्या. चष्म्याची खरी गरज आहे ती जे आता जाऊन पाहता येणार नाही त्यासाठी, आणि आमच्या भागात अशा गोष्टींची यादी मोठी आहे व रोज वाढते आहे.

तेव्हा इथल्या शाळांना आणि आई-वडिलांना माझी एक विनंती. चौफेर चित्र घेण्याची सोय आता पुष्कळ फोनमध्ये असते. पाचवी-सहावीच्या मुलांच्या हाती वर्षातून एकदा तो द्या आणि त्यांना आजचं खांदेश्वर टिपायला लावा: तलाव, बाजार, स्टेशनचा जिना, पाणथळीतले बगळे, जे उरलं आहे ते सगळं. उठलेल्या गावांतल्या आजोबा-आजींना वर्गात बोलवा, खुर्ची द्या, पाणी द्या आणि टेकडीवरून काय दिसायचं ते त्यांच्याच आवाजात नोंदवून घ्या. तीस वर्षांनी इथल्या मुलांना जी सहल लागेल, तिची तयारी आजच करावी लागेल आणि ती दुसऱ्या कुठल्या कंपनीकडून विकत मिळणार नाही. या सहलीला वर्गणी नाही. संमतिपत्रावर तेवढी सही करून द्या.